जिप्सीचे बसलेले पाटे घरीच उचलले: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी जिप्सी किंग २००५ची. घर आणि शेत भोर तालुक्यात, त्यामुळे वरंध घाटाकडचा रस्ता नेहमीचा, आणि सुगीत मागे भाताची पोती. एवढी वर्षं ओझं वाहून मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांचे गठ्ठे (लीफ स्प्रिंग), सपाट झाले होते, उजवा तर जरा उलटाच वाकला होता. मागे माणसं बसली की खड्ड्याखड्ड्याला बंप स्टॉप (पाटा पूर्ण दबला की टेकणारा रबरी ठोकळा) आदळायचा आणि तो दणका थेट आईच्या कमरेत जायचा. "मी एस्टीनं येते," असं ती म्हणायला लागली, तेव्हा हे काम मनावर घेतलं.

आधी दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधून पाट्यांना कमान मारून आणली होती. गॅसने लाल करून वाकवले होते. गाडी झकास उभी राहिली आणि एका पावसाळ्यात पुन्हा होती तिथे आली. पुढे एका जुन्या पाटेवाल्या काकांनी कारण सांगितलं. "मालक, पाट्याचं पाणी गेलं की पाटा नुसती पट्टी. तापवून वाकवलं की आज उभा राहतोय, उद्या परत बसतोय." स्प्रिंगचं पोलाद तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा ठरावीक उष्णतेला आणतात, तेव्हा त्यात ती लवचीक ताकद, म्हणजेच पाणी, येते. नुसतं लाल करून वाकवलं आणि तसंच गार होऊ दिलं, की ती ताकद जाते.

मग घरी काय करता येईल ते बघायला बसलो. बऱ्याच जणांनी पाटे आणि ऍक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) यांच्यामध्ये ठोकळे टाकायला सांगितलं. जिप्सीला हे चालत नाही, आणि हे नीट समजून घ्या. पिकअपमध्ये मागचे पाटे बहुधा ऍक्सलच्या वर असतात, म्हणून मध्ये ठोकळा घातला की गाडी उचलते. जिप्सीत पाटे ऍक्सलच्या खाली आहेत. इथे तोच ठोकळा गाडी आणखी खाली आणेल.

दुसरा सल्ला लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचा. शॅकल जितकी लांब कराल, त्याच्या साधारण निम्मीच उंची पदरात पडते. पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ऍक्सल पुढे कलतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं कमी होतं. घाटात हे मला नको होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी बदलू देत नाही. मला गाडी उंच करायची नव्हतीच, तिची गेलेली उंची परत हवी होती.

म्हणून मागे प्रत्येक बाजूला एक जादा पाटा, सगळे बुश (पाट्याच्या टोकांच्या जोडातले रबरी तुकडे) नवे, पाटे ऍक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे. जादा पाटे त्याच पाटेवाल्या काकांकडून नव्या पोलादाचे करून घेतले, जुन्या गठ्ठ्यापेक्षा थोड्या जास्त कमानीचे. सगळं मिळून साडेसात हजारांच्या आत बसलं.

काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घेतलं. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा माप बिघडवते. मागे उजवी बाजू डावीपेक्षा अडीच सेंमी खाली होती.

दोन रविवार गेले. यू-बोल्टच्या नटांवर तीन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत होतो, तरी दोन नट करवतीने कापावे लागले. गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना उटी लावली, चेसिसखाली लोखंडी घोड्या आणि ऍक्सलखाली वेगळा जॅक घेतला. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा.

गठ्ठा सोडताना, सगळे पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळले आणि मगच बोल्ट काढला. क्लॅम्प हळूहळू सैल करताना पाटे एकमेकांपासून करकरत सुटत होते आणि मधून विटकरी भुगा पडत होता. प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात नखाएवढी खाच पाडली होती. तारेच्या ब्रशने घासून, खाचांच्या कडा कानशीने मोडून, ग्राफाइट ग्रीस लावलं. जादा पाटा लांबीच्या क्रमाने मध्ये बसवला. सेंटर बोल्टचं डोकं ऍक्सलच्या पॅडमधल्या भोकात पक्कं बसलंय ना, हे बोट घालून तपासलं. ते नीट बसलं नाही तर ऍक्सल तिरका बसतो.

इथे माझी एक चूक झाली. गाडी घोड्यांवर लोंबकळत असतानाच डाव्या शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले. चाकं जमिनीवर आली की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. दुसऱ्या रविवारी ते सैल केले, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून दोन वेळा दाबली आणि मग आवळले. यू-बोल्टचे नट १०० किमीनंतर पुन्हा तपासले, तेव्हा एक नट पाव फेरा फिरला. ५०० किमीला एकही हलला नाही.

मागे गाडी ४ सेंमी वर आली. पहिल्या महिन्यात १ सेंमी बसली, त्यानंतर नऊ महिन्यांत माप तेच आहे. दोन्ही बाजूंत आता जेमतेम अर्ध्या सेंमीचा फरक. सहा पोती भात भरून आणला तेव्हा बंप स्टॉप एकदाही आदळला नाही, आणि वळणावर मागचा भाग झुकायचा तोही बराच कमी झाला.

रिकामी गाडी मात्र कडक झाली आहे. उखडलेल्या डांबरावर मागची चाकं उड्या मारतात. मागच्या टायरमधली हवा ४ पौंडांनी कमी केल्यावर फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. तुमच्या गाडीत बहुतेक वेळ एकटेच असाल, ओझं नसेल, तर जादा पाट्याच्या वाटेला जाऊ नका; मूळ मापाचा नवा गठ्ठा घ्या, महाग पडला तरी. आणखी एक, मागचा भाग उचलला की हेडलाइट खाली पाहतात. मी पहिल्याच रात्री घाटात अंदाज चुकून थांबलो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर खुणा करून दिवे लावून घेतले.

पुढच्या पाट्यांचे मी फक्त बुश बदलले. तिथे उंची फारशी वाढली नाही, पण स्टिअरिंगमधली थरथर गेली. परवा पाटे पुसताना डाव्या शॅकलच्या बुशला, मी चुकीचा आवळलेला तोच, बारीक चीर दिसली. दुसरा आणून ठेवलाय, या रविवारी बसवतो. आई शुक्रवारी बाजाराला मागच्या सीटवर बसून आली.