कव्हर खरे, तबकडी भलतीच

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांच्या ‘अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या रेकॉर्डचे पहिले प्रेसिंग, म्हणजे त्या काळी निघालेली मूळ तबकडी, म्हणून मी गेल्या वर्षी ६४,००० रुपये मोजले आणि माझ्या हाती आले ते जुन्या कव्हरात घातलेले, अलीकडच्या काळातले पुनर्मुद्रण. जुन्या जॅझच्या रेकॉर्ड जमवणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. ते एकमेकांच्या शब्दावर व्यवहार करतात आणि माझी फसवणूक नेमकी त्याच रीतीचा आधार घेऊन झाली, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

१९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. रंगभवनात थोरल्या भावाशेजारी बसून मी रॉलिन्स यांचा सॅक्सोफोन प्रत्यक्ष ऐकला आणि त्या रात्रीपासून या संगीताचा नाद लागला तो आजपर्यंत सुटलेला नाही. वर उल्लेखिलेली रेकॉर्ड ३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात पियानो नाही. साथीला फक्त बास आणि ड्रम्स आहेत. रात्रीच्या मैफलीत विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स साथीला होते, तर ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ ही रचना त्याच दिवशी दुपारी डोनाल्ड बेली आणि पीट ला रोका यांच्या साथीने वाजवलेली आहे. हे सगळे मी सीडीवर शेकडो वेळा ऐकले होते. पण ब्लू नोट कंपनीने त्या काळी काढलेली मूळ तबकडी एकदा तरी आपल्या घरी वाजावी, अशी माझी आणि दादाची जुनी इच्छा होती. दादा आता नाहीत.

विकणारा गृहस्थ आमच्या संग्राहकांच्या वर्तुळात वर्षभर वावरत होता. कोणत्या वर्षी कोणते लेबल होते, ब्लू नोटचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी आईवडिलांच्या घरातला स्टुडिओ सोडून १९५९ साली एंगलवुड क्लिफ्स येथे नवा कसा उभारला, अशा विषयांवर तो अचूक बोलत असे आणि नवख्यांच्या शंका आपुलकीने सोडवत असे. रंगभवनची आठवण मी त्याला एकदा मोकळेपणाने सांगितली होती. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, “काका, तुम्ही रॉलिन्सना समोर बसून ऐकलंय, ही रेकॉर्ड तुमच्याकडेच जायला हवी.” जाणकार माणूस प्रामाणिकही असणार, हे मी मनात आपोआप धरून चाललो. खरे म्हणजे त्या जाणकारीच्या बळावरच कोणती छायाचित्रे पाहून माझे समाधान होईल, हे त्याला ठाऊक होते.

ती छायाचित्रे निर्दोष होती. लेबलवर ‘४७ वेस्ट ६३’ हा कंपनीचा त्या काळचा पत्ता होता, लेबलच्या भागात दाबाने उमटलेले खोलगट वर्तुळ होते, आणि शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत पट्ट्यावर व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ ही अक्षरे व त्याशेजारी कानाच्या आकाराची खूण दिसत होती. ही खूण म्हणजे न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट या कारखान्याचे लपेटीदार ‘पी’ अक्षर आहे. संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. १९६६ मध्ये लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि प्लास्टिलाइटचे काम थांबले. पुढे लिबर्टीने शिल्लक राहिलेली जुनी लेबले वापरली आणि व्हॅन गेल्डर यांच्या जुन्या साच्यांवरूनही तबकड्या काढल्या. त्यामुळे नुसते लेबल किंवा नुसते ‘आरव्हीजी’ पाहून कोणतीही तबकडी मूळची ठरवता येत नाही, कान पाहावाच लागतो. अलीकडच्या पुनर्मुद्रणांपैकी काहींवर तर जुने लेबल हुबेहूब छापलेले असते.

एवढे माहीत असूनही मी चुकलो. निम्मी रक्कम आधी आणि निम्मी पार्सल मिळाल्यावर, तीही त्याच दिवशी, असे ठरले होते. पार्सल संध्याकाळी आले. कव्हर पाहताच डोळे भरून आले, कारण ते खरोखरच जुने होते. कडा झिजलेल्या, मागचा कागद पिवळसर झालेला. तबकडी अर्धीच बाहेर काढून मी लेबलवरचा पत्ता वाचला आणि उरलेले ३२,००० रुपये यूपीआयने पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या दिव्याखाली तबकडी तिरपी धरली, तेव्हा गुळगुळीत पट्ट्यावर कान नव्हता, ‘आरव्हीजी’ नव्हते, यंत्राने उमटवलेला एक परका क्रमांक तेवढा होता. लेबलवरचे वर्तुळही नव्हते.

मी फोन केला तेव्हा आधी त्याने कुरिअरवर संशय घेतला, मग आपणही फसलो असे सांगितले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचा क्रमांक बंद झाला. त्याने पाठवलेली छायाचित्रे माझ्या भाच्याने इंटरनेटवर शोधून पाहिली. तीच छायाचित्रे, लेबलच्या कडेवरच्या बारीक चरेसह, परदेशातल्या एका जुन्या लिलावात मिळाली. हा शोध घ्यायला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पैसे देण्याआधी मी तो घेतला असता तर व्यवहार तिथेच थांबला असता.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी पाच दिवसांनी तक्रार नोंदवली. तोवर रक्कम पुढे काढून घेतलेली होती. पहिल्या काही तासांत कळवले तर ती मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, हे मला तिथे समजले. संकोचाने घालवलेले ते पाच दिवस मला सर्वांत जास्त सलतात. आता मी विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर तबकडी दिव्याखाली तिरपी धरायला सांगतो, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यावरची अक्षरे त्याच्याकडून वाचून घेतो आणि त्याच वेळी माझे नाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवायला लावतो. यात अपमान वाटून घेणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. एका जुन्या मित्राला याचा राग आला. त्याचे मला वाईट वाटते, पण नियम मोडलेला नाही.

तक्रार अजून प्रलंबित आहे. पुरावा म्हणून रेकॉर्ड जपून ठेवायची असल्याने ती माझ्याच कपाटात आहे. माझ्यामागे माझी मुलगी किंवा आणखी कोणी हे कव्हर पाहून ती मूळ प्रत समजेल आणि भाबडेपणाने पुढे विकेल, ही भीती मनात होती. म्हणून आतल्या पाकिटावर मी काळ्या शाईने लिहून ठेवले आहे : ‘कव्हर जुने आहे. तबकडी पुनर्मुद्रित आहे. कान नाही.’ खाली तारीख घालून सही केली आहे.