मास्टर ऑफ रिॲलिटी: स्पीड सोडा, वजन बघा

मेटल म्हटलं की आमच्या इंदूरच्या पोरांना अजून स्पीडच पाहिजे असतो. कोण किती फास्ट वाजवतो, डबल बास ड्रम किती दणकट, सोलोत किती नोट्स कोंबल्यात, सगळी बडबड त्यावरच. त्यांना माझं एकच म्हणणं आहे भिया, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' एकदा पूर्ण ऐका, मधे स्किप न करता. १९७१ चा अल्बम, जेमतेम ३४ मिनिटांचा, आठ ट्रॅक, त्यातले दोन तर नुसते गिटारचे बारके तुकडे, आणि तरी पुढे डूम, स्टोनर, स्लज म्हणून मेटलचे जे संथ, जड प्रकार निघाले त्या सगळ्यांचं मूळ इथे सापडतं.

आता हा आवाज आला कुठून, तर बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या बोटांतून. हा बर्मिंगहॅमचा माणूस, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, १७ व्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यात तो त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस, बोला आता! त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, वरून चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या आणि वाजवत राहिला. या अल्बमला त्याने अजून एक केलं, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' आणि 'इनटू द व्हॉइड' या गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली, पेटीवाल्यांच्या हिशोबाने पांढरी तीनची सरळ काळी एक. तार सैल पडली, दाबायला सोपी झाली, गीझर बटलरने बासही तेवढाच खाली घेतला, आणि जो घुमारा निघालाय ना, तो त्यांच्या आधीच्या 'पॅरानॉइड' अल्बममध्ये पण नाहीये, आणि 'पॅरानॉइड' मला पाठ आहे.

खरं तर हे प्रकरण इंदूरवाल्यांना पटकन कळायला पाहिजे. ख्यालगायक अमीर खाँसाहेब आपल्याच गावचे, झूमरा तालातला तो अतिविलंबित ख्याल, एक मात्रा संपून दुसरी येईपर्यंत माणूस श्वास धरून बसतो. आमच्या बाबांकडे खाँसाहेबांचा मारवा नेहमी चालू असतो, ते कानावर पडतच मोठा झालो, त्यामुळे 'इनटू द व्हॉइड'ची सुरुवात मला परकी वाटलीच नाही. आता राग नाही, ताल तसला नाही, विस्तार नाही, सगळं मान्य, रामबागेतले काका लोक मारतील मला, पण लय ठाय ठेवायची आणि मधल्या जागेत घाई न करता वजन भरायचं ही समज दोन्हीकडे आहे. आणि बिल वॉर्ड ड्रमवर नुसता ठोकत नाही, त्याच्या हातात जॅझ आहे, म्हणून एवढं जड असूनही ते झोपत नाही.

'स्वीट लीफ' सुरू होतं खोकल्याने. खोकला आयोमीचाच, बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्नने त्याला जॉइंट दिला, ठसका लागला आणि तो टेपवर राहिला. गाणं गांजावर आहे, शब्द काही ग्रेट नाहीत, पण रिफ, म्हणजे गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ, ऐकून घ्या. गंमत 'आफ्टर फॉरएव्हर'ची आहे, ज्या बँडला लोक सैतानाचे पुजारी म्हणत होते त्यांनी इथे चक्क देवावर श्रद्धा ठेवा सांगितलंय, बटलर कॅथलिक घरातला. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' तेवढं धावतं, अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेल्या पोरांचं गाणं आहे ते. 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' म्हणजे नव्या डांबरावर रोलर फिरतोय असं वाटतं. आणि मग मधेच 'सॉलिट्यूड', त्यात आयोमीने बासरी वाजवलीय, आणि ऑझी इतका हळुवार गातो की हा तोच माणूस का असं वाटावं.

तक्रार आहेच. 'एम्ब्रिओ' अर्ध्या मिनिटाचा तुकडा, का आहे कोण जाणे, 'ऑर्किड' निदान सुंदर तरी आहे. ऑझी कितीतरी वेळा रिफच्याच सुरावर चालतो, सरळ तोच सूर धरून, मला चालतं, कोणाला कंटाळवाणं वाटू शकतं. शब्दांसाठी तर हा अल्बम घेऊच नका.

जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये चौघं शेवटचे एकत्र वाजवले, त्याच महिन्यात ऑझी गेला, आणि तेव्हापासून बऱ्याच नव्या लोकांनी सॅबथ ऐकायला घेतलंय, चांगलंच आहे, पण दोन हिट गाण्यांवर थांबतात. पुढे या. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून यात काय आहे म्हणू नका, त्यात बटलरचा बास गायबच होतो, म्हणजे अर्धा अल्बम गेला. बरे हेडफोन लावा, नाहीतर रात्री बायपासवर गाडीत लावा, आवाज थोडा वाढवून. पाचपैकी साडेचार. अर्धा 'एम्ब्रिओ'चा कापला.