वाजवणारा सोबत आला आहे का? इंदूरच्या उन्हाळी संध्याकाळींबद्दल

मे महिन्यात इंदूरच्या लालबागेत मालवा उत्सव हा लोकनृत्यांचा आणि हस्तकलेचा मेळा भरतो. तो पाहण्यासारखा आहे का, असं पुण्याहून सुट्टीत येणारे नातेवाईक दर वर्षी विचारतात. माझं उत्तर असं की जरूर पाहावा. मात्र मधल्या खुर्च्या सोडून मंचाच्या ज्या अंगाला ढोलवाले उभे असतात, तिथे जाऊन बसावं.

मी तबला-पखवाज वाजवणारा माणूस. नोकरी वीज मंडळात झाली, पण रामबागेतल्या आमच्या भजनी मंडळात ठेका धरणं कधी सुटलं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात शहरात जे जे कार्यक्रम होतात, त्यांना मी एकच कसोटी लावतो: नाचणाऱ्यांबरोबर वाजवणारा आला आहे, की पेनड्राइव्ह? रोषणाई, पाहुण्यांचे सत्कार, स्वागतकमान हे सगळं त्यानंतर. या एका प्रश्नावर संध्याकाळ सोन्याची होते किंवा वाया जाते, असा माझा अनुभव आहे.

आधी जागेविषयी. लालबाग म्हणजे होळकरांचा कान्ह नदीकाठचा राजवाडा. 1886 मध्ये बांधायला सुरुवात झाली, 1921 मध्ये काम पुरं झालं. त्याचं लोखंडी फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडवलेलं आहे, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. फाटकातून आत आलं की दोन्ही बाजूंना जुनी झाडं आणि पुढे मोकळं मैदान. बंदिस्त सभागृहात ढोलाचा आवाज भिंतींवर आपटून गढूळ होतो. इथे तो सरळ पुढे जातो आणि झाडांत विरतो. लोकवाद्यांसाठी इंदुरात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हवेचंही तसंच आहे. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, रस्ते ओस पडतात. पण माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, हवा कोरडी आहे, त्यामुळे सूर्य कलला की जमीन लवकर निवते आणि आठच्या सुमारास वारा सुटतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं जुने रसिक म्हणायचे ते उगाच नाही. चामड्यालाही ही कोरडी हवा मानवते. पावसाळ्यात ढोल बसतो, कितीही ओढला तरी भदभदतो. मे महिन्यात तोच ढोल असा खणखणीत बोलतो की थाप पडल्यावर छातीत जाणवतं.

आता मंचाबद्दल. या उत्सवात माळवा, निमाड, झाबुआ-अलिराजपूरचा भिल पट्टा आणि बाहेरच्या राज्यांतली पथकं येतात. मला सगळ्यात जास्त ओढ भिलांच्या भगोरिया नाचाची. भगोरिया खरा होळीच्या आधीच्या आठवडी बाजारांतला. मंचावर त्याचा तुकडाच पाहायला मिळतो, हे मान्य. पण पथकाबरोबर मोठा ढोल, मांदल आणि काशाची थाळी येते, ती मात्र अस्सल. थाळीवाल्याकडे नीट लक्ष द्या. ढोल कितीही उसळला तरी थाळीची टिपरी एकाच जागी पडत राहते. सगळं पथक त्या टिपरीवर उभं असतं. ढोलवाला त्या भरवशावर मागेपुढे खेळतो, मध्येच थाप गिळतो, नाचणाऱ्या पोरी कमरेत वाकल्या की ती थाप परत देतो. हे कुणी लिहून दिलेलं नसतं. नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहत तो वाजवतो आणि त्या त्याच्या थापेकडे कान लावून नाचतात. पखवाजावर साथ करताना आम्ही जी गोष्ट वर्षानुवर्षं घोकून शिकतो, ती या माणसाला गावच्या बाजारात उभ्याउभ्या आलेली असते.

निमाडचं गणगौर अगदी वेगळ्या जातीचं. बायका रनुबाई आणि धनियर राजा या देवतांचे रथ डोक्यावर घेऊन नाचतात, आणि ते डोक्यावरचं ओझं सांभाळायचं म्हणून लय कधी घाई करत नाही. ढोल आणि थाळी इथेही आहेतच, पण चाल अशी संथ की आपला श्वासही हळू होतो. माझी पत्नी खरगोनकडची. तिच्या माहेरी चैत्रात गणगौर बसते, त्यामुळे ती या वेळी खुर्चीत टेकत नाही, उभ्यानेच गुणगुणते. माळव्याच्या मटकी नाचात पुन्हा ढोली मुख्य. पदराआडून नाचणाऱ्या बायका त्याच्या ठेक्यावर गिरक्या घेतात. गावातल्या लग्नात हाच ढोली रात्र रात्र वाजवतो. मंचावर त्याला जेमतेम काही मिनिटं मिळतात, आणि त्या मिनिटांत तो हात गरम करतो न करतो तोच पुढच्या पथकाचं नाव पुकारलं जातं. लोककलेच्या सगळ्याच सरकारी-निमसरकारी मंचांवर हे होतं. पथकं कमी करा, पण प्रत्येकाला अर्धा तास द्या, ही माझी मनापासूनची मागणी आहे. ढोल तापायलाच वेळ लागतो.

मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडचा गुदुम बाजा मंचावर असेल तर ती रात्र चुकवू नका. तिथे नाचणारा आणि वाजवणारा वेगळा नसतोच. कमरेला गुदुम नावाचं तालवाद्य बांधलेले गडी वाजवता वाजवता बसतात, उड्या मारतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा करतात, आणि टिमकी-मंजिऱ्यावर शहनाई सतत चालू असते. इतक्या कसरतीत लय तसूभर हलत नाही. भरूचकडच्या सिद्दींच्या धमालमध्ये लोकांचं लक्ष डोक्यावर नारळ फोडणाऱ्याकडे जातं, टाळ्याही त्यालाच पडतात. मी म्हणेन, नारळाकडे पाहाच, पण त्याआधी मुगरमान हा त्यांचा ढोल वाजवणाऱ्याकडे पाहा. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा ठेका आणि गुजरातचा गरबा त्याच्या हातात शेजारी शेजारी नांदतात. सिद्दींचे पीर बावा गोर यांच्या दर्ग्यावर श्रद्धेने वाजवला जाणारा हा ताल आहे, तो करमणुकीपुरता ऐकून सोडून देऊ नये.

याच्या उलट अनुभवही सांगतो. याच मोसमात शहरातल्या एका मोठ्या वसाहतीत उन्हाळी महोत्सव झाला. नाव घेत नाही. मुलींनी मेहनत घेतली होती, पोशाख सुंदर होते, घागऱ्यांवरचं आरशाचं काम लांबूनही चमकत होतं. पण नाच सगळे रेकॉर्डवर. ठेका यंत्रातून येतो तेव्हा त्याला मुलींची पावलं दिसत नाहीत. एक मुलगी मध्येच अडखळली. शेजारी ढोली असता तर त्याने दोन मात्रा थांबून तिला सांभाळून घेतलं असतं. रेकॉर्ड पुढे निघून गेली आणि ती पोर रडवेली होऊन मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आयोजकांना मी नंतर भेटून सांगितलं की मंडपाच्या खर्चातून एका ढोलीचं मानधन सहज निघेल. त्यांनी पुढच्या वर्षी पाहू म्हटलं. मी पाठपुरावा करणार आहे, कारण इंदुरात ढोली मिळत नाहीत असं मुळीच नाही. लग्नाचे मुहूर्त सोडले तर हे लोक कामाची वाट पाहत बसलेले असतात.

आणि हे शहर तालाच्या बाबतीत असं तसं नाही. पखवाजाचे नाना पानसे होळकर दरबारातले. त्यांच्या घराण्याचा बाज सखारामपंत आणि अंबादासपंत आगळे या पितापुत्रांनी इथेच पुढे नेला. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब इथे वाढले आणि त्यांचा तो अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झूमरा ताल या गावाच्या कानात मुरला. अशा गावात मुलांच्या नाचाला यंत्राचा ठेका असावा, याचं मला खरोखर दुःख होतं.

लालबागेतल्या हस्तकलेच्या दुकानांबद्दल थोडक्यात. कारागीर स्वतः बसला असेल तिथेच थांबा, हा साधा नियम. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठशांच्या छपाईच्या, म्हणजे बाग प्रिंटच्या, कापडावर हात फिरवा. लाल आणि काळा हे त्याचे मूळ रंग, सागवानी ठशांनी छापतात, मग नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि धावडीच्या फुलांबरोबर भट्टीत उकळतात. छापणारा समोर असेल तर तो ही सगळी रीत आनंदाने सांगतो, आणि मग भाव करायला आपलीच जीभ रेटत नाही. माहेश्वरी साड्यांत काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का ते पाहावं. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले तेव्हापासूनची ही कला आहे. आमच्या सुनेने घेतलेली राखाडी माहेश्वरी उन्हाळ्यात अंगाला अजिबात जड होत नाही. झाबुआच्या बाहुल्या नातीसाठी घेतल्या. बाकी यंत्रावर छापलेल्या चादरी कुठेही मिळतात, त्यांच्यासाठी लालबागेत वेळ घालवू नये.

खाण्याचं फार लिहीत नाही, इंदूरकरांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मैदानात मका किस किंवा दाल-बाफले खाऊन भूक भागते. पण पाहुणे सोबत असतील तर कार्यक्रम संपल्यावर सराफ्यात जा. दागिन्यांच्या पेढ्या बंद झाल्या की तिथली खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. शेव-मिक्श्चर घातलेली साबुदाण्याची खिचडी पुण्याच्या माणसाला आधी खटकते आणि मग तोच दुसरी प्लेट मागतो. इंदुरी शिकंजी ही लिंबाची नसून दुधाची, घट्ट, सुकामेवा घातलेली असते, एवढं पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं.

आपल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांनाही मी हीच कसोटी लावतो. सानंद न्यास या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आम्ही वर्षानुवर्षं जातो. सभासदांचे पाच गट आहेत आणि त्यांतल्या मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते या नावांमध्ये इंदूरचं अर्धं रसिक शतक सामावलं आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी नाटकाला इतका शिस्तीचा, वेळेवर येऊन बसणारा प्रेक्षक क्वचित असेल. संगीत नाटक असेल आणि ऑर्गन-तबला समोर असेल, तर मी पहिल्या घंटेच्या आधी जाऊन बसतो. नाटकाच्या पदाला तबलजी जी आस देतो ती ध्वनिमुद्रित पट्टीत नसते, हे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं.

मुलांसाठीच्या उन्हाळी शिबिरांपैकी आमच्या भागातलं एक फार आवडलं. तिथे लेझीम शिकवतात आणि हलगी वाजवायला एक तरुण शिक्षक रोज येतो. माझी नात तिथे जाते. पहिल्या आठवड्यात मुलं नुसती लेझीम खुळखुळवत होती. मग त्या शिक्षकाने हलगी थांबवली, सगळ्यांना गोल बसवून हातानेच टाळी-खाली मोजायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी लेझीम परत हातात दिली. शेवटच्या दिवशी त्याने मुद्दाम लय वाढवली, मग एकदम अर्ध्यावर आणली, आणि पोरं एकही पाऊल न चुकता त्याच्या मागे आली. शुल्क माफक, जागा शाळेचं पटांगण, वेळ सकाळी ऊन चढायच्या आत. याहून जास्त काही लागत नाही.

तर यंदा जाणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. लालबागेत सहाच्या आसपास पोहोचा, उजेड असेपर्यंत दुकानं पाहून घ्या, कारण दिव्याखाली नैसर्गिक रंग नीट ओळखू येत नाहीत. पाण्याची बाटली आणि धुळीसाठी रुमाल ठेवा. कोणत्या दिवशी कोणती पथकं आहेत ते सकाळच्या वर्तमानपत्रात पाहा, आणि एकच रात्र हाताशी असेल तर भिल पथकाची निवडा. भोंग्यांच्या समोर बसू नका, ढोल भोंग्यातून ऐकण्यात अर्थ नाही. मुलं बरोबर असतील तर नाच संपल्यावर त्यांना मंचामागे न्या. ही माणसं मोकळ्या मनाची असतात, विचारलं तर मुलाच्या गळ्यात ढोल अडकवून एक थाप मारू देतात. आणि निघण्याआधी थाळीवाल्याला आवर्जून दाद द्या, त्याला ती सहसा कुणी देत नाही.