डिकीतले ओरखडे: हीट गन, पॉलिश, रंग की सरळ नवीन पॅनल?

मागच्या मे महिन्यात कोकणातून येताना डिकीत हापूसच्या चार पेट्या होत्या. घरी आल्यावर त्या ओढून काढल्या आणि डिकीच्या उंबरठ्यावर, म्हणजे दार उघडल्यावर समोर जी आडवी प्लास्टिकची पट्टी दिसते तिच्यावर, लांबलचक पांढरे चरे उमटले. एका पेटीच्या तळफळीतून खिळा अर्धा सूत बाहेर आला होता. तेव्हापासून वर्षभरात हे ओरखडे घालवायचे बहुतेक उपाय करून पाहिले. ज्यांच्या डिकीची हीच अवस्था आहे आणि ज्यांना पैसे कशावर घालावेत हे ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख सरळ घसरत गेलं तर तो वरवरचा आहे. नख अडकलं तर प्लास्टिक कापलं गेलं आहे. पुढचा सगळा निर्णय यावर ठरतो.

डिकीतलं प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन असतं, त्यात कडकपणासाठी टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची, भुकटी मिसळलेली असते. पॅनल काढून मागे पाहिलं तर ‘पीपी-टी२०’ अशा धर्तीची खूण सापडते, म्हणजे २० टक्के टाल्क. त्यावर रंगाचा थर नसतो, रंग आरपार मिसळलेला असतो. म्हणून पांढरी रेघ दिसली तरी तिथला रंग उडालेला नसतो. पृष्ठभाग ताणला-फाटला जाऊन त्याचे बारीक तुकडे उभे राहतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. त्यामुळे बॉडीला लावतो तसा टच-अप इथे उपयोगाचा नाही, आणि त्यामुळेच उष्णतेचा उपाय इथे चालतो.

हीट गनच्या गरम हवेनं पृष्ठभागाचा पातळ थर नरम होतो, उभे राहिलेले तुकडे परत बसतात आणि पांढरेपणा डोळ्यांदेखत विरतो. नख न अडकणाऱ्या ओरखड्यांसाठी मला याहून चांगला उपाय दिसला नाही, कारण एकदा केलं की झालं, दर महिन्याला पुन्हा काही लावायला नको. साधी हीट गन हजार-दीड हजारांत मिळते. विकत घ्यायची नसेल तर रेडियमवाल्याकडे ती असतेच. केस वाळवायचा ड्रायर मात्र पुरत नाही, फार तर अगदी फिकट खुणा जातात.

गन वीतभर अंतरावर धरायची आणि हात सतत हलता ठेवायचा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि गनची हवा ३०० अंशांच्या वर सहज जाते, तेव्हा चूक व्हायला दोन सेकंद पुरतात. माझी झाली. डाव्या बाजूच्या पॅनलवर एका जागी गन रेंगाळली, तिथले प्लास्टिकवर मुद्दाम उठवलेले बारीक दाणे सपाट झाले आणि रुपयाएवढा चकचकीत डाग पडला. तो आजही तसाच आहे. आधी कुठल्यातरी झाकलेल्या कोपऱ्यात हात बसवून घ्या. मागे ‘एबीएस’ (हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) लिहिलेलं असेल तर जास्तच जपा, ते बरंच आधी नरम पडतं. आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल तर गाडीत हीट गन लावूच नका. पॅनल काढून घराच्या ओट्यावर आणा, तिथे काम करा.

डॅशबोर्डचं पॉलिश याच्या शेजारी ठेवून पाहिलं तर सोपं आणि स्वस्त आहे. फडक्यावर घ्या, पुसा, पाच मिनिटांत ओरखडा दिसेनासा होतो. पण तो तिथेच असतो, फक्त तेलकट थराखाली दबलेला. काही आठवड्यांनी परत वर येतो, मधल्या काळात त्या थरावर धूळ चिकटते आणि बॅगेलाही डाग लागतात. फिकट बेज पॅनलवर तर पट्टे दिसतात. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, फुटून त्याचे डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी उष्णता, रंग द्यायचा असेल तर रंग, आणि पॉलिश लावायचंच तर सगळ्यात शेवटी.

नख अडकतं अशा चऱ्यांचं काय? फिलर भरून, घासून, रंग मारून देणारे कारागीर आहेत. पॉलिप्रॉपिलीनला मात्र सहज काहीच चिकटत नाही, रंगाआधी खास प्रायमरचा थर लागतो, आणि मूळचे दाणे हुबेहूब उठवणं अवघड जातं. बाजूच्या पॅनलवर, जिथे हात क्वचित लागतो, तिथे हे काम टिकतं. उंबरठ्यावर नाही. रोज बॅगा घासल्या की तिथला रंग पोपड्यांनी निघतो. उंबरठ्याची पट्टी बऱ्याच गाड्यांत वेगळी मिळते आणि क्लिपांवर बसते, त्यामुळे चरा खोल असेल तर ती पट्टीच बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. क्लिपा काढताना तुटतात, चार जास्त मागवा. बाजूचं मोठं पॅनल मात्र फक्त ओरखड्यासाठी बदलू नये.

सँडपेपर, टूथपेस्ट, रबिंग कंपाउंड यांच्या नादी लागू नका. दाणेदार प्लास्टिक एकदा गुळगुळीत झालं की परत येत नाही.

आता बचावाकडे येतो, कारण खरे पैसे इथे वाया जातात. दुकानात डिकीसाठी म्हणून जे विकतात ते जवळजवळ सगळं तळ झाकतं. तळाला तर आधीच कार्पेट असतं! ओरखडे पडतात उंबरठ्याला, दोन्ही बाजूंच्या भिंतींना आणि सीटच्या पाठीला. फोम भरलेली सेव्हन-डी मॅट दिसायला देखणी, पण पेटीचा खिळा तिलाही फाडतो आणि खाली पाणी गेलं तर कुबट वास धरते. उभ्या कडांचा रबरी ट्रे तिच्यापेक्षा कितीतरी बरा: मासळीचं पाणी सांडलं तरी काढून धुता येतो, आणि सामान घसरून भिंतीवर आदळत नाही. पारदर्शक फिल्म बंपरच्या रंगीत भागावर छान बसते, दाणेदार प्लास्टिकवर तिच्या कडा सुटतात, तिथे ती घेऊ नका.

मी रबरी ट्रे घेतला आणि त्यावर आईची एक जुनी गोधडी ठेवली, इतकी लांब की उंबरठ्यावरून बंपरपर्यंत खाली येते. स्टेपनी काढायची वेळ आली तर दोन्ही झटकन उचलता येतात. यंदा पेट्या भरताना आधी प्रत्येक पेटीच्या तळावरून हात फिरवून खिळे ठोकून घेतले, आणि उतरवताना पेटी ओढली नाही, पेटीखालची गोधडी ओढली.