गुडघा बदलल्यावर पट्टी कुठली?

राजारामपुरीतल्या काकूंचा गुडघा बदललाय. टाक्यांवर साधी गॉज (जाळीदार सुती कापडाची) पट्टी की वॉटरप्रूफ ड्रेसिंग, असं त्यांचा लेक विचारतोय.

गॉज स्वस्त. पण भिजली की बदलावी लागते, आणि जखम जितक्यांदा उघडी पडेल तितकी जंतूंना संधी. कोल्हापूरच्या पावसाळी ओलाव्यात तर पट्टीची कड लगेच सुटते. वॉटरप्रूफ महाग, पण नीट चिकटली तर साधारण आठवडाभर टिकते, अंघोळही होते. नाजूक कातडीवर मात्र फोड येऊ शकतात. हळद दोन्हींखाली नको! लाली वाढली, पू किंवा ताप आला तर मनानं अँटिबायोटिक न घेता थेट सर्जनकडे जा.

जखम पाझरत असेल आणि पट्टी बदलायला नर्स येत असेल तर गॉज चालेल. जखम कोरडी, पण घर गगनबावड्यासारखं लांब असेल तर सर्जनला विचारून वॉटरप्रूफच घ्या.