चूक कोणाची, की चूक कशी झाली? टीमप्रमुखासमोरच्या दोन वाटा

टीममधल्या कोणाच्या तरी हातून मोठी चूक झाली आहे, वरून फोन येताहेत आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला आजच ठरवायचं आहे. एक वाट सगळ्यांच्या ओळखीची: लेखी खुलासा, कारणे दाखवा नोटीस, जमलं तर कारवाई. दुसरीत कोणालाही धारेवर न धरता घटनाक्रम मांडायचा, त्या वेळी त्या माणसासमोर काय माहिती होती ते समजून घ्यायचं आणि कामाची पद्धत सुधारायची. माझा कौल दुसरीला आहे, पण एका अटीवर.

वेगात पहिली वाट सरस आहे हे मान्य. दोन दिवसांत फाइल बंद होते आणि नाराज ग्राहकाला ‘कारवाई केली’ असं सांगता येतं. दुसरीला वेळ लागतो, शिवाय ती नीट चालवणारा माणूस लागतो.

खरा फरक पडतो तो माहितीत. ज्याच्यावर नोटीस येणार आहे तो स्वतःला वाचवेल इतकंच सांगतो आणि बघणारे पुढच्या वेळी गप्प बसायला शिकतात. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये रुग्णालयातल्या टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती, पण तिथे नोंदी उलट जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण. तुमच्या टीमच्या चुकांचा आकडा अचानक खाली आला तर लगेच खूश होऊ नका, आधी चौकशी करा.

दुरुस्तीतही तोच फरक. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री या सेवेत (इतर कंपन्यांच्या वेबसाइट आपला डेटा इथे साठवतात) एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच कमांड दिली, पण त्यातली एक नोंद चुकली. हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले आणि असंख्य वेबसाइट काही तास अडकल्या. कंपनीने जाहीर केलेल्या निवेदनात त्या माणसाचं नाव नाही. काय बदललं ते मात्र आहे: ते टूल आता सर्व्हर हळूहळू काढतं आणि किमान मर्यादेखाली जाऊच देत नाही. नुसती नोटीस देऊन थांबले असते तर तीच कमांड पुढच्या माणसाची वाट बघत राहिली असती.

‘मग जबाबदारीचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि माझी अट इथेच येते. अमेरिकेच्या विमान वाहतुकीत नासा 1976 पासून गोपनीय अहवाल योजना चालवते. नकळत नियम मोडलेल्या वैमानिकाने 10 दिवसांत कळवलं तर त्याला सहसा दंडातून सूट मिळते. मुद्दाम केलेलं उल्लंघन, गुन्हा किंवा अपघात या सवलतीत बसत नाही. तुमची रेघही अशीच आधी जाहीर झालेली हवी. लपवाछपवी, खोट्या नोंदी, धोका माहीत असून घेतलेला शॉर्टकट, इथे पहिलीच वाट योग्य. शंका असेल तर विचारा: तेवढ्याच अनुभवाचा दुसरा कोणी त्या जागी असता तर तोही इथेच चुकला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर शिक्षेने काहीच साधणार नाही. तोच माणूस पुन्हा पुन्हा अडखळत असेल तर प्रशिक्षण किंवा काम बदलण्याबद्दल त्याच्याशी स्वतंत्र, खाजगीत बोला. आढाव्याच्या बैठकीत तो विषय आणू नका.

दुसरी वाट फसते ती बहुधा ढिलाईमुळे. सगळे समजूतदारपणे बोलतात आणि उठून जातात. प्रत्येक सुधारणा कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहिल्याशिवाय बैठक संपवू नका. ‘तू असं का केलंस?’ऐवजी ‘त्या वेळी तुला स्क्रीनवर काय दिसत होतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बचाव मिळतो, दुसऱ्याला तपशील.

आणि वरिष्ठांनी नाव मागितलंच, तर टीम माझी आहे, उत्तर मी देतो, असं सांगून सुधारणांची यादी तारखांसकट त्यांच्यासमोर ठेवा.