यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं फुल इंजिन: जुनाच क्रँक भरायचा की नवा टाकायचा?

बोअर (सिलिंडर) उतरवून कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. आडवा थोडा हलला तर हरकत नाही, तो तसा हवाच. उभा खेळ जरासाही लागला तर नुसत्या बोअर-पिस्टनवर भागणार नाही, केस (क्रँक ज्यात बसतो तो इंजिनचा खोका) फोडावीच, म्हणजे उघडावीच लागणार.

क्रँक मूळ कंपनीचा असेल तर आमचा कौल तोच भरून घेण्याला, म्हणजे त्यातच नवा रॉड आणि पिन बसवण्याला. रॉड, पिन, नीडल बेअरिंग आणि वॉशर असं किट घ्या. उद्यमनगरात ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आणि डायल गेज (फिरताना क्रँक किती हलतो ते काट्यावर दाखवणारं माप) दोन्ही आहे, त्यालाच काम द्या. पिन हातोड्याने ठोकणाऱ्याकडे क्रँक देऊच नका. पिन दाबून झाल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये धरून फिरवतात. गेजचा काटा ०.०३ मिमीच्या आत राहिला पाहिजे. जास्त हलला तर वेबवर (क्रँकच्या जड चकत्यांवर) तांब्याच्या हातोडीचे ठोके देत सरळ करतात. हे समोर उभं राहून करून घ्या. आउट (सरळ नसलेला) राहिलेला क्रँक नवी बेअरिंगं खातो आणि फुटरेस्टला झिणझिण्या आणतो.

मात्र क्रँक आधी दोन-तीनदा उघडलेला असेल तर वेबमधलं पिनचं भोक सैल झालेलं असू शकतं. नवी पिन जोर न लावता सरकली, की तो क्रँक बाद. वेल्डिंगचा टाका हा इलाज नव्हे, त्या उष्णतेने क्रँक पुन्हा आउट होतो. मॅग्नेटकडचा टेपर (निमुळतं टोक) किंवा चावीची खाच खराब झाली असेल तरीही नवाच घ्या. तयार क्रँकने वेळ वाचतो, पण डुप्लिकेट मालात पिनचा दर्जा सारखा नसतो. डब्यातून काढलेला क्रँकही गेजवर तपासूनच बसवा.

मेन बेअरिंगं सी-३ क्लिअरन्सची (आत थोडी जास्त मोकळीक असलेली) आणि दोन्ही ऑइल सील कुठल्याही मार्गात नवीच. मॅग्नेटकडचा सील गेला की हवा ओढली जाते, रेस आपोआप चढते आणि पिस्टन जाम होतो. क्लचकडचा गेला की गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. बेअरिंग बसवताना केस १००° सेल्सिअसच्या आसपास तापवा, ते अलगद उतरतं. थंड केसमध्येच ते हाताने आत गेलं, तर केसमधलं बेअरिंगचं घर झिजलंय. क्रँकवर पैसे घालण्याआधी लेथवर तिथे स्लीव्ह बसवून घ्या.

चालू करण्याआधी बिग एंडवर (रॉडच्या क्रँककडच्या टोकावर) टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल सोडा. ऑइल पंपातली हवा काढा. तरीही पहिली टाकी पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली टू-टी मिसळूनच भरा. पंपात हवा राहिली असेल तर नवा रॉड कोरडा चालून लगेच खराब होतो.